एजीव्ही आणायच्या आधी कारखान्याची तयारी: अनुभव, प्रश्न, तक्रारी

भोसरीकर

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात सध्या ज्याला त्याला एजीव्ही, म्हणजे कारखान्यात माल वाहणाऱ्या चालकविरहित गाड्या, हव्यात. मालक परदेशात एखादा प्लांट बघून येतात, ड्रायव्हरशिवाय धावणाऱ्या गाड्यांचा व्हिडिओ ग्रुपवर पडतो आणि थोड्याच दिवसांत प्रोजेक्टवाल्याच्या टेबलावर तीन कोटेशनं. त्यात गाडी असते, चार्जर असतो, सॉफ्टवेअर असतं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ असते, 'साइटची तयारी ग्राहकाने करावी'. हा धागा त्या ओळीबद्दल.

माझं क्षेत्र ऑटो कंपोनंट. मशीन शॉपमधून असेंब्लीला बिन आणि पॅलेट पोचवणं, रिकामे परत आणणं, एवढंच. औषध कंपन्या आणि मोठी गोडाउनं यांचं वेगळं असेल, त्यांनी भर घालावी.

फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर दिवसभर जे निमूट सावरून घेतो त्याची कुठेच नोंद नसते. जमिनीच्या काँक्रीटचा जॉइंट उखडलाय म्हणून तो दोन फूट बाजूने जातो. पॅलेटची फळी तुटलीय म्हणून फोर्क जरा तिरका घालतो. गँगवेत, म्हणजे शॉपमधल्या ये-जा करायच्या वाटेत, कुणी ट्रॉली लावून गेलं असेल तर खाली उतरतो, दोन शिव्या हासडतो आणि ढकलून देतो. एजीव्ही यातलं काही करत नाही. ती थांबते. म्हणून लेआउटचं ड्रॉइंग उघडण्याआधी आम्ही एका जुन्या ड्रायव्हरच्या मागे वही घेऊन फिरलो. तो कुठे वाट सोडतो, कुठे हॉर्न मारून थांबतो, कुठे रिव्हर्स येतो, सगळं लिहून काढलं. साइटच्या तयारीची यादी त्या वहीतूनच निघाली. पुरवठादाराची छापील चेकलिस्ट नंतर आली आणि तिच्यात यातलं निम्मंही नव्हतं.

आता रुंदी. चालकविरहित गाड्यांचं सुरक्षा मानक म्हणजे आयएसओ ३६९१-४. ते २०२० मध्ये आलं, २०२३ मध्ये सुधारलं. गाडी जिथे फिरणार ती जागा कशी तयार करायची यावर त्यात स्वतंत्र परिशिष्ट आहे, आणि तो नुसता सल्ला नाही, बंधनकारक भाग आहे. गाभा असा की गाडीच्या, किंवा गाडीबाहेर आलेल्या मालाच्या, दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळं हवं, जमिनीपासून २.१ मीटर उंचीपर्यंत. माणूस गाडी आणि रॅकच्या मध्ये चेपला जाऊ नये म्हणून. १.२ मीटर रुंदीचं पॅलेट एकेरी न्यायचं तर २.२ मीटर झाले. दुहेरीला दोन गाड्यांमधलं अंतर धरून पावणेचार मीटर सहज लागतात. आता आपापल्या शॉपमध्ये टेप घेऊन जा, आणि पिवळ्या रेघेपासून पिवळ्या रेघेपर्यंत मोजू नका. एका खांबावरचं फायर एक्स्टिंग्विशर आणि समोरच्या पॅनलचं उघडं दार यांच्यात मोजा. जिथे अर्धा मीटर मिळत नाही ती जागा धोक्याचं क्षेत्र म्हणून रंगवून दाखवावी लागते आणि गाडी तिथून रांगत जाते.

गाड्या किती लागतील हे पुरवठादाराला विचाराल तर तो कॅटलॉगमधला वेग धरून सांगेल. उदाहरण घ्या. फेरी ३२० मीटरची, तासाला २४ फेऱ्या. कॅटलॉगचा वेग सेकंदाला १.२ मीटर, म्हणजे फेरीला साडेचार मिनिटं, उत्तर दोन गाड्या. प्रत्यक्षात वळणं, चौक, दारं धरून सरासरी ०.८ मीटर पडते, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंद. माल घेणं-ठेवणं दीड मिनिट. चौकात आणि फोर्कलिफ्टसमोर थांबणं आणखी दीड मिनिट. झाली ९ मिनिटं ४० सेकंदांची फेरी. २४ फेऱ्यांची २३२ मिनिटं, भागिले ६०, म्हणजे ३.८७. चार्जिंग आणि खोळंबा धरून ८० टक्के उपलब्धता लावली की ४.८३. पाच गाड्या. दोनच्या बजेटवर सही होऊन बसली असेल तर पुढचं सगळं भांडण तिथूनच सुरू होतं.

फ्लोअरिंग आणि वायफाय यातल्या जाणकारांनी लिहा, त्यात मी कच्चा आहे.

काँक्रीटकाका

निम्मं आयुष्य ट्रिमिक्स (कारखान्याची काँक्रीटची जमीन) टाकण्यात गेलं, तेव्हा जमिनीचं मी बोलतो.

सपाटी दोन तऱ्हेची. जवळच्या जवळ चढउतार किती तो एफएफ, आणि एकूण पातळी किती ढळली तो एफएल. ही मोजणी अमेरिकेच्या एएसटीएम ई११५५ मधली, आकडा मोठा तितकी जमीन चांगली. नेहमीची ट्रिमिक्स विशी-पंचविशीत असते. एजीव्हीवाले पस्तिशीच्या पुढे मागतात, उंच उचलणारी गाडी असेल तर त्याहून वर. कारण साधं आहे. दोन चाकांत एक मीटर अंतर आणि पातळीत ३ मिमी फरक असला तर ६ मीटर उंचीवर मास्ट (माल उचलणारा उभा खांब) १८ मिमी कलतो. रॅकमध्ये पॅलेट ठेवताना एवढं पुरे होतं.

पण खरा त्रास सपाटीपेक्षा जॉइंटचा. फोर्कलिफ्टचं मोठं रबरी चाक जॉइंटवरून सहज जातं. एजीव्हीचं चाक लहान, पॉलियुरेथेनचं, कडक. ते प्रत्येक जॉइंटच्या कडेवर आपटतं. बहुतेक ठिकाणी जॉइंटमध्ये मऊ सीलंट भरलेलं असतं. ते चाकाखाली दबतं, कडांना आधार राहत नाही आणि कडा तुटायला लागतात. तिथे अर्धकठीण फिलर लागतो, इपॉक्सी किंवा पॉलियुरिया, कडकपणाच्या शोअर ए मापावर ८० च्या वरचा. आणि तो काँक्रीट पुरेसं आकसल्यावर भरायचा. घाई केलीत तर जॉइंट पुढे उघडतो आणि फिलर एका बाजूने सुटून येतो.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. माणसाने चालवलेली गाडी रोज थोडी इकडेतिकडे जाते. एजीव्ही वर्षानुवर्षं त्याच रेघेवरून जाते, फरक मिलिमीटरचा. त्यामुळे सगळी झीज दोन चाकांच्या पट्ट्यांत होते. जमिनीवरचं इपॉक्सीचं कोटिंग तिथे आधी मळतं, मग पातळ होतं, मग निघतं. मार्ग आखणाऱ्याला सांगा की सरळ गँगवेत अधूनमधून रेघ दहा-पंधरा सेंटिमीटर सरकवता येते का बघ. सॉफ्टवेअरमधलं काम आहे, खर्च नाही.

इपॉक्सी पावसाळ्यात करू नका. खालून ओल येते आणि दसऱ्यापर्यंत फोड धरतात. प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं तर कंत्राटदाराला घरी पाठवा.

भिवंडी_बायपास

एवढा पसारा कशाला राव? एएमआर घ्या, स्वतःची वाट स्वतः शोधणारी गाडी. वाट दाखवायला जमिनीत तार नको, चुंबकी पट्टी नको, रिफ्लेक्टर नको. एकदा फिरवली की स्वतः नकाशा बनवते. आमच्या गोडाउनला विक्रेता सकाळी आला, संध्याकाळी गाडी चालत होती.

भोसरीकर

@भिवंडी_बायपास, चालत होती यात शंका नाही. डेमो सगळ्यांचेच छान होतात. प्रश्न असा की नकाशा केला तेव्हा गोडाउन भरलेलं होतं की रिकामं?

एएमआर भिंती, खांब, रॅकचे पाय बघून आपली जागा ओळखते. तुमच्याकडे सीझनला माल रॅकबाहेर, जमिनीवर, पार खांबापर्यंत रचला जातो ना? तेव्हा गाडीला ओळखीचं काहीच दिसत नाही. लांबलचक कोरी भिंत असली तरी तीच गत, आपण पुढे किती आलो हे तिला कळत नाही. आणि अडथळ्याला वळसा घालायलाही शेजारी जागा लागतेच. अडीच मीटरच्या गँगवेत मधोमध पॅलेट ठेवलं तर एएमआरही एजीव्हीसारखीच उभी राहते. अर्धा मीटर, जमीन, जॉइंट, वायफाय, यातलं काही सुटत नाही. सुटते ती फक्त पट्टी.

भिवंडी_बायपास

हम्म. दिवाळीच्या आधी दोनदा हरवली होती खरी. विक्रेता म्हणाला अपडेट येईल.

पेंगणारा_पांडू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 'अपडेट येईल' हे वाक्य फ्रेम करून लावा.

वायरलेस_वामन

वायफायचं एका ओळीत सांगायचं तर रॅक भरलेले असताना सर्व्हे करा. रिकाम्या शेडमध्ये सगळीकडे दांडी फुल दिसते. लोखंडी रॅकमध्ये लोखंडी बिन भरले की तीच जागा आंधळी होते.

आता सविस्तर. गाडीच्या अँटेनाच्या उंचीवर मोजा, छातीच्या उंचीवर मोबाइल धरून नव्हे. संपूर्ण मार्गावर उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं माप) आसपास सिग्नल आणि दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटचाही (वायफाय पसरवणारा डबा) बऱ्यापैकी हवा. कव्हरेज असूनही गाड्या थांबतात तेव्हा बहुधा कारण रोमिंग असतं. गाडी एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना सेकंद-दोन सेकंद खाते, तेवढ्यात फ्लीटचा, म्हणजे सगळ्या गाड्यांना हुकूम देणारा, सर्व्हर ती हरवली म्हणतो. गाड्यांसाठी ५ गिगाहर्ट्झवर वेगळं नेटवर्क ठेवा. रडारसाठी राखलेले चॅनल टाळा, कारण रडारची नुसती चाहूल लागली तरी नियमाने अ‍ॅक्सेस पॉइंटला तो चॅनल सोडावा लागतो. लोहगावसारख्या विमानतळाच्या आसपासच्या कारखान्यांनी तर नक्कीच. आणि त्या नेटवर्कचा पासवर्ड कँटीनपर्यंत पोचू देऊ नका. नाइट शिफ्टला क्रिकेटची मॅच असली की कळतं कुठे पोचलाय ते.

यूपीएस! लाइट गेली, डीजी (डिझेल जनरेटर) उचलेपर्यंत अर्धं मिनिट. गाड्या बॅटरीवर, त्यांना काही फरक नाही. पण नेटवर्क स्विच बंद पडतो, परत उठायला त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर सगळ्या गाड्या जिथल्या तिथे. कुठली चौकात, कुठली दारात. सर्व्हर रूमला यूपीएस सगळेच देतात. शॉपच्या टोकाला खांबावर टांगलेल्या छोट्या स्विचला कुणी देत नाही.

अनघा_स्टुटगार्ट

छान धागा. इथे मी फ्लीट सॉफ्टवेअरच्या बाजूला काम करते, तिकडून थोडं.

दोन कंपन्यांच्या गाड्या एकाच शॉपमध्ये फिरवायच्या असतील, आज नाही तरी पुढे, तर निविदेतच व्हीडीए ५०५० मागा. जर्मन वाहन उद्योग आणि यंत्र उद्योग यांच्या संघटनांनी मिळून केलेला हा गाडी आणि नियंत्रण सॉफ्टवेअर यांच्यातला सामाईक संवाद आहे, एमक्यूटीटीवरून (संदेश पोचवायची पद्धत) जेसन (मजकुराचा साचा) संदेश. त्यातली एक कल्पना साइटवाल्यांनीही समजून घ्यावी. गाडीला मार्ग दोन तुकड्यांत मिळतो. जिथवर जायची परवानगी आहे तो 'बेस' आणि त्यापुढचा नुसता बेत म्हणजे 'होरायझन'. संपर्क तुटला तर गाडी बेसच्या टोकापर्यंत जाऊन थांबते. वामन म्हणतात तशा गाड्या चौकात उभ्या राहू नयेत म्हणून बेसचं टोक कधीच चौकात, दारात किंवा लिफ्टसमोर पडणार नाही असा मार्ग आखायचा. हे लेआउटचं काम आहे, पण लेआउटवाल्याला कुणी सांगतच नाही.

फायर शटरबद्दल कुणी लिहिलं नाही, आश्चर्य वाटलं. आग लागली की शटर खाली येणार आणि नेमकी त्याखाली एजीव्ही उभी. 'इमर्जन्सीला सगळ्या गाड्या थांबवा' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. फायर पॅनलमधून सिग्नल फ्लीटला गेला पाहिजे, शटरखालच्या आणि बाहेर पडायच्या वाटेवरच्या गाड्यांनी आधी बाजूला व्हायचं आणि मग थांबायचं. फायरवाला, दारवाला आणि एजीव्हीवाला तिघांना एका टेबलाशी बसवून हे ठरवा, नाहीतर चालू करायच्या दिवशी तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

अवांतर: हे फार जुनं प्रकरण आहे. अमेरिकेत बॅरेट इलेक्ट्रॉनिक्सची पहिली गाडी १९५०च्या दशकात आली, ती तारेचा माग काढत जायची. स्वीडनमध्ये व्होल्वोने काल्मारच्या कारखान्यात १९७४ मध्ये चक्क मोटारींची जुळणी अशा गाड्यांवर केली.

काँक्रीटकाका

@अनघाताई, तारेच्या गाड्या मीही पाहिल्यात. तार पुरायला जमीन कापायची, मार्ग बदलला की पुन्हा कापायची. आमची चंगळ होती.

गंगापूर_रोड

नाशिकहून. आमच्याकडे लेझर रिफ्लेक्टरवर चालणाऱ्या गाड्या आहेत. खांबांवर चकचकीत पट्ट्या लावलेल्या असतात आणि गाडीला कुठूनही किमान तीन तरी दिसाव्या लागतात.

मागच्या खंडेनवमीची गोष्ट. पूजेला पोरांनी हौसेने सगळ्या मशीनना आणि पाचही गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या. खांबांनाही आंब्याचे टहाळे आणि झेंडू. दसऱ्याची सुट्टी संपवून पहिली शिफ्ट आली आणि एकही गाडी धड चालेना. तीन गाड्यांच्या पुढच्या सेफ्टी स्कॅनरसमोर माळ लोंबत होती, म्हणजे गाडीच्या लेखी समोर कायम कुणीतरी उभं. उरलेल्या दोन हलल्या, पण खांबांवरचे रिफ्लेक्टर टहाळ्यांमागे, त्यामुळे आपण कुठे आहोत हे त्यांना कळेना. मेंटेनन्सवाला स्कॅनरची काच पुसत बसला होता. शेवटी हाउसकीपिंगच्या मावशींनी माळा वर सरकवल्या आणि गाडी निघाली. आता पूजेच्या आदल्या दिवशी सूचना लागते, 'हार वरच्या दांडीला, रांगोळी गँगवेच्या बाहेर'.

गंमत सोडा, पण स्कॅनरच्या वाटेत काय काय येतं याची तुमच्याही शॉपमध्ये एकदा यादी करा. श्रिंक रॅपची सुटलेली शेपटी, वॉशिंग मशीनची वाफ. आमच्या डिस्पॅचचं दार पश्चिमेला आहे, हिवाळ्यात संध्याकाळी ऊन सरळ आत येतं आणि त्या दाराकडे जाणारी गाडी अडखळते. पडदा लावला तेव्हा थांबलं.

भोसरीकर

@गंगापूर_रोड, कडक!

उलट बाजूही सांगतो, स्कॅनरला जे दिसतच नाही ते. त्याचा किरण जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर आडवा फिरतो. त्याच्या वर जे अधांतरी आहे ते त्याच्या हिशेबी नाहीच. गुडघ्याएवढे उचललेले फोर्क घेऊन उभी असलेली फोर्कलिफ्ट, टेबलाची बाहेर आलेली कड, ट्रॉलीवरून पुढे आलेला पाइप. म्हणून फोर्कलिफ्ट आणि एजीव्ही एकाच गँगवेत असतील तर उभ्या फोर्कलिफ्टचे फोर्क जमिनीला टेकलेच पाहिजेत, हा नियम आधी सहा महिने लावून अंगवळणी पाडा. गाडी आल्यावर लावलात तर कुणी पाळत नाही.

आणि ब्रेकची चाचणी पूर्ण माल भरून, सगळ्यात वाईट जमिनीवर, उतार असेल तर उतारावर. आमच्याकडे कूलंट (मशीन थंड ठेवणारं तेलकट पाणी) सांडतं तिथे गाडी लांबवर घसरत थांबते. सुरक्षित अंतर त्या जागेवरून ठरतं, ऑफिससमोरच्या चकाचक इपॉक्सीवरून नाही.

तिसऱ्या_पाळीचा

सगळं वाचलं. माणसांबद्दल कुणीच काही बोलत नाही.

मी आमच्या युनियनच्या कमिटीवर आहे. आमच्याकडे गाड्या शनिवारी रात्री ट्रकमधून उतरल्या आणि सोमवारी कळलं. स्टोअरच्या पोरांनी पहिल्याच दिवशी चुंबकी पट्टी पॅलेट घासून उखडली. मुद्दाम की चुकून, देव जाणे. मॅनेजमेंटला मुद्दामच वाटलं.

ज्या सुधारणेमुळे कामगार कमी होण्याची शक्यता आहे तिची २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ मध्ये हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण नोटीस हा फार तर कागद झाला. फोर्कलिफ्टचे ड्रायव्हर कुठे जाणार, कंत्राटी लोडर राहणार की नाही, गाडी अडली की कुणी हात लावायचा, हे तोंडाने सांगा. अडलेली गाडी सोडवायला बाहेरचा इंजिनिअर येईपर्यंत लाइन उभी राहते आणि शिव्या लाइनवरच्या पोरांना पडतात.

भोसरीकर

@तिसऱ्या_पाळीचा, मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि धाग्यात तो मीच आधी घ्यायला हवा असं म्हणाल तर तेही मान्य. आमच्याकडे ज्या ड्रायव्हरच्या मागे वही घेऊन फिरलो तोच आता गाड्यांचा शिफ्ट प्रमुख आहे. गाडी कुठे अडणार हे त्याला आधी कळतं. त्याची ग्रेड वाढवून घ्यायला एचआरशी भांडावं लागलं ते वेगळं.

जेजुरी_नवी_शेड

नमस्कार मंडळी, पहिलाच प्रतिसाद. जेजुरी एमआयडीसीत नवीन शेड उभी राहतेय, प्लिंथ झालीय, फ्लोअरिंग दिवाळीनंतर. एजीव्ही दोन वर्षांनी घेऊ असं मालक म्हणतात. आत्ता आर्किटेक्टला काय काय सांगून ठेवू? बजेट टाइट आहे.

काँक्रीटकाका

टाइट आहे तर सगळ्या शेडची सपाटी मागू नका. मुख्य गँगवेचे पट्टे ठरवा आणि तेवढ्यांपुरता एफएफ पस्तीस करारात लिहा. मोजणी ७२ तासांच्या आत करून घ्यायची, नंतर स्लॅब कडांना वर वळतो आणि कंत्राटदार हात वर करतो. कापायचे जॉइंट गँगवेच्या लांबीला समांतर चाकाच्या रेघेत येऊ देऊ नका, आडवे आले तर चालतील. गटार गँगवे ओलांडणार असेल तर आत्ताच वळवा. त्यावरची चेकर्ड प्लेट वर्षभरात खडखडायला लागते.

वायरलेस_वामन

छताला केबल ट्रे आत्ताच टाका, अ‍ॅक्सेस पॉइंटच्या जागा नंतर ठरवू. आणि खांबावरच्या स्विचना यूपीएसची वेगळी लाइन. आत्ता पाइप टाकून ठेवलात तर फुकटात पडतं.

भोसरीकर

चार्जिंगची जागा पश्चिमेच्या भिंतीला नको. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तिथे पारा चाळिशीपार असतो आणि बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्जिंग घेत नाहीत किंवा हळू घेतात. लेड अ‍ॅसिड घेणार असाल तर हायड्रोजनसाठी वर वारा खेळता हवा. डॉक (ट्रक लागतो तो धक्का) आणि शेडची पातळी एकच ठेवा. मध्ये रॅम्प आलाच तर उताराचा आकडा गाडीवाल्याला विचारल्याशिवाय ड्रॉइंगवर सही करू नका.

जेजुरी_नवी_शेड

काका, गटार खरंच गँगवे ओलांडतंय! आत्ताच ड्रॉइंग बघितलं. उद्या आर्किटेक्टकडे जातो. बाकी प्रश्न तिथून आल्यावर टाकतो.

पेंगणारा_पांडू

उठलो बुवा. वाखू (वाचनखूण) साठवली.